तो पैसा आला कुठून?

गोंदिया

चि. भाच्यास,

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तू वेळ काढून आलास, पोरांबरोबर रात्रभर दंडारीचा खेळ बघत बसलास, फार बरं वाटलं. पण ओसरीत तू म्हणालास, ‘ऑप्शनमध्ये एका आठवड्यात किलिंग केलं, मामा!’ आणि सगळे पोट्टे तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आपल्या धाकट्यानं फोनवर शेअर बाजारातल्या ऑप्शनचं ॲप घेतलं आणि माझ्याकडे वीस हजार मागितले. २०२५-२६ च्या हंगामातल्या २,३६९ रुपयांच्या आधारभूत भावानं ते जवळपास साडेआठ क्विंटल धानाचे पैसे होतात. म्हणून हे पत्र.

बक्कळ कमाईला इंग्रजीत ‘किलिंग’ म्हणतात, तुझ्या हापिसात ते सर्रास चालत असेल. माझी तक्रार त्या शब्दावर नाही. नफा किती झाला ते तू सांगितलंस, तो आला कुठून ते नाही सांगितलंस.

गोंदियानं मोठा पैसा पाहिलेला आहे. मनोहरभाई पटेलांचा जन्म १९०६ चा. विडीच्या धंद्यातून ते मोठे झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. त्या विडीमागे काय होतं, ते तुझ्या आजीच्या हातात मी पाहिलं आहे. ऐन उन्हाळ्यात भल्या पहाटे जंगलात जायचं, तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा. घरी विड्या वळायला बसली की भिजवलेल्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातही खराब विड्या काढून टाकल्या जायच्या. शेवटी शेवटी तिच्या बोटांची आग व्हायची. त्या धंद्यात सगळं न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. विडी ओढणाऱ्यांच्या छातीचं काय झालं, तेही आपण पाहिलं. तरी माल कुणाच्या हातून झाला आणि पैसा कुणाकडे गेला, हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

तुझ्या ऑप्शनमध्ये माल नाही. तुझ्या खात्यात आलेला रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून गेलेला असतो, शिवाय दलाली आणि कर दोघांकडूनही कापले जातात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा माणशी सरासरी दोन लाख, आणि एकूण १.८ लाख कोटींवर. कमावलं ते स्वतःच्या पैशानं सौदे करणाऱ्या कंपन्यांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी, तेही बहुतेक संगणकाकडून सौदे करवून. तू एका आठवड्यात जिंकलास, ते खरंच असेल. पण तो पैसा धाकट्यासारख्याच एखाद्या पोराचा असू शकतो, हे मनात येऊ दे.

शेअर बाजार म्हणजे जुगार, असं मी म्हणत नाही. पगारातून दर महिन्याला चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवलेस तर मला आनंदच आहे. पण झटपट पैशाच्या गोष्टींनी इथली पोरं किती लवकर भुलतात, ते मी डोळ्यांनी बघतो आहे. जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला, कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं निघालं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ५८ कोटी गमावल्याची तक्रार होती. चहाच्या टपरीवर मात्र पोट्टे बोलत होते ते सोन्याबद्दल. त्या व्यापाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

तुझ्या शब्दाला इथे वजन आहे. पुण्यात नोकरी करणारा दादा म्हणतो, मग ते खरंच असणार, असं ही पोरं धरून चालतात. तेव्हा एक कर. एप्रिलपासूनचं तुझं सगळं खातं काढ, जिंकलेले आठवडे आणि हरलेले आठवडे दोन्ही, आणि रविवारी धाकट्याला फोन करून ओळीनं वाचून दाखव. वीस हजार मी अजून दिलेले नाहीत. तुमचं बोलणं झाल्यावर काय ते ठरवू.

तुझा मामा