जबड्यातलं सेंटरिंग

दात काढला की तिथलं हाड हळूहळू झिजतं. मग इम्प्लांटचा टायटॅनियम स्क्रू धरणार कशात? आईच्या बाबतीत हा प्रश्न आला, म्हणून मी हे वाचलं.

उपाय म्हणजे कृत्रिम हाडाचे सच्छिद्र दाणे. स्लॅबचं सेंटरिंगच म्हणा ना! छिद्रांत रक्तवाहिन्या व पेशी शिरतात, नवं हाड तयार होतं.

हायड्रॉक्सिअपेटाइटमध्ये कॅल्शियम-फॉस्फरस अणूंचे गुणोत्तर १.६७, ते फार सावकाश विरघळते, जागा टिकवते. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये १.५, ते लवकर विरघळते. सेंटरिंग लवकर निघालं तर स्लॅब खचतो, राहिलंच तर खोली अडते. म्हणून दोन्हींचं मिश्रण वापरतात, उदा. ६०:४०. पुढे बहुधा चार-सहा महिने थांबायचं. क्युरिंगला घाई चालते का?