बाळाची मोटार : घेताना आणि जोडताना

तुमच्या घरी, शेजारी किंवा नात्यात दीड-दोन वर्षांचे एखादे मूल असेलच. त्याच्यासाठी वर बसून चालवायची खेळण्यातली मोटार आणायची ठरते. दुकानात सगळे जण तिचा रंग आणि भोंगा पाहतात. घरी खोके उघडले की चाके, दांडे, स्क्रू असे सुटे भाग जमिनीवर पसरतात आणि ‘तू विज्ञान शिकतोस ना, मग जोड बघू!’ असे म्हणून पाना तुमच्या हाती दिला जातो. बाळाला तोल, वेग यांतले काही कळत नाही. त्याच्या वतीने तो विचार दादाला किंवा ताईलाच करावा लागतो. तो कसा करावयाचा ते या लेखात पाहू.

मोटार चालते कशी?

या वयाच्या मुलांसाठी पायांनी ढकलायची मोटार सर्वांत सोपी. मूल पायांनी जमीन मागे रेटते आणि जमीन त्याला तितक्याच बलाने पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्हांला ठाऊक आहे. पाय न घसरता हे बल मिळते ते घर्षणामुळे. म्हणून बसल्यावर मुलाची दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. आसनाची उंची मुलाच्या पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीपेक्षा थोडी कमी असावी. ‘पुढल्या वर्षी पुरेल’ म्हणून उंच मोटार घेतली, तर मुलाचा पुढे ढकलणारा पायही गेला आणि थांबवणारा ब्रेकही गेला, कारण या मोटारीचा ब्रेक म्हणजे मुलाची पावलेच!

अमेरिकेत १९७९ साली बाजारात आलेली ‘कोझी कूप’ ही अशीच एक प्रसिद्ध मोटार. गंमत अशी, की तिचे सुकाणूचाक पुढच्या चाकांना जोडलेलेच नसते. पुढची चाके खुर्चीच्या चाकांप्रमाणे हव्या त्या दिशेला आपोआप वळतात. मूल एका पायाने जास्त रेटा देते आणि मोटार वळते.

ती कलंडते केव्हा?

कोणतीही वस्तू उभी राहते ती तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा आधाराच्या आत पडते तोपर्यंत. मोटारीचा आधार म्हणजे चार चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंनी झालेला चौकोन.

एक उदाहरण सोडवू. समजा, मोटारीचे वस्तुमान ४ किलोग्रॅम असून तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १४ सेंटिमीटरवर आहे. मूल ११ किलोग्रॅमचे आहे आणि बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य ३९ सेंटिमीटरवर येतो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य किती उंचीवर असेल?

(४ × १४ + ११ × ३९) ÷ १५ = ४८५ ÷ १५ = सुमारे ३२ सेंटिमीटर.

डाव्या-उजव्या चाकांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत १५ सेंटिमीटर होतात. १५ भागिले ३२ म्हणजे ०.४७. ज्या कोनाचा टॅन ०.४७ आहे तो कोन सुमारे २५ अंशांचा. याहून अधिक कललेली मोटार उलटलीच म्हणून समजा.

आता तेच मूल आसनावर उभे राहिले, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ५५ सेंटिमीटरवर जातो आणि उलटण्याचा कोन २५ वरून १५ अंशांवर उतरतो. मूल उभे राहिले की आई का ओरडते, याचे हे गणिती उत्तर!

तेव्हा दुकानात मोजपट्टी बरोबर न्या. बुटकी, रुंद मोटार उंच आणि अरुंद मोटारीपेक्षा केव्हाही बरी.

वळणावर काय होते?

वळताना मोटारीला वर्तुळाच्या केंद्राकडे त्वरण लागते. ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके असते. आपली मोटार किती त्वरण सोसेल? ०.४७ ला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणा. उत्तर सुमारे ४.६ मीटर प्रति सेकंद वर्ग. मोटार सेकंदाला १ मीटर वेगाने ०.८ मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर त्वरण १.२५ येते. काही भीती नाही. वेग दुप्पट, म्हणजे २ मीटर झाला, की त्वरण चौपट होऊन ५ येते. ४.६ ची मर्यादा ओलांडली गेली! गुळगुळीत फरशीवर चाके कदाचित घसरतील, पण खडबडीत जमिनीवर मोटार कलंडेल.

हा वेग येतो कोठून? मुलाच्या पायांतून क्वचितच. तो येतो मागून ढकलणाऱ्या उत्साही दादाच्या हातांतून, किंवा उतारावरून. घर्षण सोडून दिले, तर केवळ २० सेंटिमीटर खाली उतरताना सेकंदाला २ मीटर वेग मिळतो. म्हणून मोटार सपाट जागीच चालवावी. जिना, रस्ता, विहीर किंवा पाण्याचा हौद जवळ नसावा.

खोके उघडल्यावर

भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले आहे. घेतानाच ते चिन्ह आणि खोक्यावर छापलेले मुलाचे वय व वजनाची मर्यादा वाचा.

जोडण्यापूर्वी सर्व भाग कापडावर मांडून यादीप्रमाणे मोजा. बाळाला दुसऱ्या खोलीत नेण्यास सांगा. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर अंतर्व्यासाचे एक लहानसे नळकांडे वापरतात. जो भाग त्यात पूर्ण मावतो, तो अशा मुलाच्या घशात अडकू शकतो असे मानतात. स्क्रू, नट, चाकाची टोपी हे सारे त्यात मावतात. काम संपल्यावर उरलेले भाग पुन्हा मोजा.

आता जोडणी. लोखंडी आसावर वॉशर, चाक, वॉशर हा क्रम चुकवू नका. वॉशर बोल्टचा दाब मोठ्या क्षेत्रफळावर पसरवतो, त्यामुळे प्लॅस्टिकला चीर जात नाही. आसाच्या टोकाची धातूची टोपी एकदा ठोकून बसवली की सहसा निघत नाही. तेव्हा हातोडी उचलण्यापूर्वी क्रम पुन्हा तपासा.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक’ करून बसला की मग सुलटा आवळा. नाहीतर तो नवे आटे कापतो आणि पकड कायमची ढिली होते. सगळे स्क्रू प्रथम अर्धे आवळा. भाग नीट जुळले, की समोरासमोरचे आळीपाळीने पूर्ण आवळा. चाकाचा नट मात्र इतका आवळू नका, की चाक अडेल. हाताने फिरवून सोडलेले चाक काही फेरे सहज फिरले पाहिजे.

मोटार विजेरीवर चालणारी असेल, तर ती खोक्यावर लिहिलेल्या वयाच्या मुलालाच द्या. विजेरी मोठ्या माणसांनी आणि मोटारीबरोबर आलेल्या चार्जरनेच भारित करावी. फ्यूज उडाला तर त्याच्या जागी साधी तार घालू नये. जादा प्रवाह वाहू लागताच आधी आपण वितळून परिपथ तोडणे हेच फ्यूजचे काम. तार ते करणार नाही आणि वायरी तापतील.

मूल बसण्यापूर्वी

पहिली फेरी मुलाची नको, तांदळाची असू द्या! सुमारे १० किलोग्रॅम तांदूळ उभट, अरुंद पिशवीत भरून ती आसनावर बांधा. १ मीटर लांबीची रुंद फळी घ्या आणि मोटार तिच्यावर आडवी ठेवा. फळीचे एक टोक १७.४ सेंटिमीटर उचलले की १० अंशांचा उतार होतो. चाकांना मागून अडसर लावा, म्हणजे मोटार घसरणार नाही. एवढ्या उतारावर ती मुळीच डगमगता कामा नये. यानंतर दर आठवड्याला नट तपासा, कारण धक्क्यांनी ते हळूहळू सैल होतात.

हे प्रश्न सोडवून पाहा :

१. चाकांमधील अंतर ३० ऐवजी ४० सेंटिमीटर केले, तर वरील मोटार किती अंशांवर उलटेल?

२. ०.८ मीटर त्रिज्येच्या वळणावर तिचा सुरक्षित वेग जास्तीत जास्त किती?

३. आसनाखालच्या कप्प्यात २ किलोग्रॅम वाळू ठेवली, तर मोटार अधिक स्थिर होईल की कमी? कारण द्या.

उत्तरे मिळाली की ती वहीतच ठेवू नका. मोजपट्टी घ्या, आपल्या किंवा शेजारच्या घरातील मोटार मोजा आणि तिचा कोन काढा. तो फारच कमी आला, तर घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा.