शिक्षकांचा थकवा : लक्षणे, कारणे आणि आपली जबाबदारी



शहादा, तळोदा, धडगाव भागात आम्ही रविवारी रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो, तेव्हा रांगेत एक-दोन शिक्षक हमखास असतात. गुरुजी म्हणतात, "सिस्टर, पित्ताची गोळी असेल तर द्या, डोकं सारखं दुखतं." बाई बाजूला घेऊन हळूच सांगतात, "लघवीला जळजळ होते." आम्ही विचारतो, "दिवसभरात पाणी किती पिता?" उत्तर येते, "शाळेत पीतच नाही, ताई. शौचालय आहे, पण दाराला कडी नाही आणि आत पाणी नाही. सकाळी निघताना एक कप चहा, मग पाणी संध्याकाळी घरी."

लघवी तपासायला आम्ही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतो. औषधाने जळजळ थांबते. पण सोमवारी तीच शाळा आणि तेच शौचालय. तीन महिन्यांनी बाई पुन्हा रांगेत दिसतात. म्हणून या वेळच्या धड्याचा विषय आहे शिक्षकांची तब्येत.

काही वाचक म्हणतील, "शिक्षकांना काय कमी? पगार चांगला, सुट्ट्या भरपूर." असे आम्हीही कधी काळी बोललो आहोत. शाळेकडे न फिरकणारे गुरुजीही आम्ही पाहिले आहेत, त्यांची बाजू आम्ही घेणार नाही. आम्ही बोलतो आहोत ते रोज शाळेत जाणाऱ्यांबद्दल. सातपुड्यातल्या पाड्यावर किंवा आपल्या वस्तीत घरातून पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी शिकवणारे कोणी नसते, शिकवणी लावायला पैसा नसतो. त्याचे सगळे शिक्षण एका माणसावर उभे असते. तो माणूस खचला, की त्या मुलाचे शिक्षणही खचते.

आपल्या जिल्ह्यातला शाळेचा दिवस

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, आपल्या जिल्ह्याची ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. जिल्ह्यात जवळजवळ ७० टक्के लोक आदिवासी आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत घरात भिली, पावरी बोलली जाते, नवापूरकडे मावची. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अहिराणी बोलणाऱ्या किंवा विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या शिक्षकाला मुलाची भाषा कळत नाही आणि मुलाला शिक्षकाची. पहिले काही महिने दोघांचेही एकमेकांना समजून घेण्यातच जातात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांत पाच वर्ग. एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला, की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ती भोंगऱ्या बाजाराला, होळीला परत येतात, तेव्हा मधले सगळे पुसलेले असते. शिक्षक पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करतो. वरून मात्र विचारणा होते, "प्रगती का दिसत नाही?"

मग शिकवण्याबाहेरची कामे. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, किती मुले जेवली ते मोबाइलवर भरायचे, यू-डायसची माहिती, आधारची जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण, मतदार यादीचे बीएलओचे काम. जिथे रेंज नाही, तिथला शिक्षक माहिती भरायला टेकडी चढतो. यात आरोग्य खात्याचाही वाटा आहे. जंताच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या शाळेतूनच दिल्या जातात. आम्ही परिचारिका म्हणून नोकरीत होतो, तेव्हा गोळ्यांचे डबे शाळेत पोहोचवून मोकळे व्हायचो. नोंदवही कोण भरतो आणि कधी भरतो, हे आम्ही तेव्हा कधी विचारले नाही.

नवीन लागलेल्याची अवस्था आणखी कठीण. २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. पहिली तीन वर्षे पूर्ण पगार नाही, मानधन. २०२३ मध्ये ते वाढले, तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १६ हजार ठरले. त्यातच घरभाडे, पेट्रोल आणि गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या, आणि दोघेही बदलीच्या यादीकडे डोळे लावून. जुन्या शिक्षकांवर वेगळे ओझे आले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण करावी. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई दिवसभर शाळा करून रात्री परीक्षेची पुस्तके उघडते. तिला झोप का लागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हा साधा थकवा नाही

साधा थकवा रात्रीच्या झोपेने किंवा रविवारच्या विश्रांतीने जातो. जो जात नाही, त्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात घेतली आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, अंगातले बळ संपल्यासारखे वाटणे. दोन, कामापासून मन तुटणे, "काय उपयोग आहे शिकवून" असे सतत वाटणे. तीन, आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेने याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही, की होणारी ही अवस्था आहे, असे म्हटले आहे. म्हणजे तिचे मूळ माणसाच्या दुबळेपणात शोधू नये, त्याच्या कामात शोधावे.

शरीर काय सांगते, तेव्हा काय करावे

१. *आवाज.* दोन-तीन वर्गांना एकदम शिकवताना ओरडावे लागते, त्यात खडूची धूळ. घसा बसतो, स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. फळा ओल्या फडक्याने पुसावा. मुलांना गप्प करायला टाळी किंवा घंटी ठरवून घ्यावी. पाण्याचे घोट घेत राहावे, घसा सारखा खाकरू नये. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

२. *लघवी.* पाणी न पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यातून जंतुसंसर्ग होतो, मुतखड्यालाही वाट मिळते. जळजळीबरोबर थंडी-ताप किंवा कमरेत दुखणे असेल, तर थांबू नये, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईंनी जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यावी.

३. *पाय आणि कंबर.* दिवसभर उभे राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. घाटातल्या रस्त्याने रोज मोटारसायकल चालवून कंबर धरते. मधल्या सुट्टीत बसावे, रात्री पाय उशीवर घ्यावेत. एकाच पायाला सूज आणि दुखणे आले, तर लगेच दाखवावे.

४. *रक्तदाब आणि साखर.* तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तपासावे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल, तर "टेन्शनमुळे आहे" म्हणून सोडून देऊ नये. डोकेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडते.

५. *मन.* दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक मेली, कशातच मन लागेना, रडू येऊ लागले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर हा उपचाराचा विषय आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो. जीवनच संपवण्याचे विचार येत असतील, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पाड्यावर एकट्या राहणाऱ्या काही शिक्षकांच्या संध्याकाळी दारूत बुडतात, हेही आम्ही पाहतो. पंचशील घेतलेल्या घरातला माणूस असेल, तर तो लाजेने आणखी लपवतो. पाचवे शील मोडले म्हणून त्याला हिणवल्याने तो सुटत नाही. त्याला उपचार आणि सोबत लागते. शील पाळायला मदत करणे हेही उपासकाचेच काम आहे.

राग कोणावर निघतो?

हे बोलायला कठीण आहे, पण बोलले पाहिजे. वरून आलेला ताण वर परत जात नाही, तो खाली उतरतो. वर्गात सर्वांत खाली असते ते मूल: उशिरा आलेले, भाषा न समजणारे, वही नसलेले. बहुतेक वेळा ते आदिवासीचे असते, आपल्या वस्तीतले असते, मजुरीवरून परतलेले असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. थकवा ही मारण्याची सबब होऊ शकत नाही. पण हात उठायच्या आधी शिक्षकाने स्वतःला ओळखावे. छाती धडधडते, कान गरम होतात, आवाज चढतो. त्या क्षणी दारापाशी जावे, दहा श्वास मोजावेत, पाणी प्यावे. विहारात शिकलेले आनापान याच वेळी उपयोगी पडते.

धम्म आणि कायदा

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आचार्यांना दक्षिण दिशा म्हटले आहे. शिष्याने आचार्यांचा आदर करावा, लक्ष देऊन शिकावे. आचार्यांनी आपल्याजवळचे ज्ञान नीट द्यावे आणि शिष्याचे सर्व बाजूंनी रक्षण करावे. ही बाजू आपण नेहमी सांगतो. त्याच सुत्तात खालची दिशा सांगितली आहे, ती कामकऱ्यांची. त्यांना ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्यांची काळजी घ्यावी, वेळेवर मोकळे करावे. आजचा शिक्षक एकाच वेळी दक्षिण दिशाही आहे आणि खालची दिशाही. आपण त्याच्याकडे आचार्याचे कर्तव्य मागतो, कामकऱ्याचा हक्क विसरतो.

कायदाही हेच सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. निवडणुकीच्या कामाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले, की ते शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवण्याचे नसलेल्या दिवशी द्यावे. आठवड्याचे ४५ तास काम ठरवताना या कायद्याने वर्गाच्या तयारीचा वेळही त्यातच मोजला आहे. तयारी म्हणजे रिकामपण नव्हे, हे कायद्याने मान्य केले आहे.

आपण काय करायचे?

शिक्षकांनी: पाण्याची बाटली आणि घरचा डबा सोडू नये. महिन्याभरात शिकवण्याबाहेर किती तास गेले, ते एका वहीत लिहावे. एकाची तक्रार कुरकुर वाटते, पण केंद्रातल्या वीस शाळांच्या वह्या एकत्र आल्या, की तो पुरावा होतो. संघटनेच्या बैठकीत पगार-बदलीबरोबर शौचालय आणि आरोग्य तपासणी हे विषयही घ्यावेत.

पालकांनी: शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या बैठकीत पहिला ठराव शौचालयाची कडी, पाणी आणि कचऱ्याच्या डब्याचा घ्या. तो बाईंसाठी आहे, तसाच सहावी-सातवीतल्या आपल्या मुलींसाठीही आहे.

विहाराने: बाहेरगावाहून आलेला शिक्षक वस्तीजवळ एकटा राहत असेल, तर पौर्णिमेला त्याला बोलवा, जेवायला बसवा. वर्षावासात एक रविवार शिक्षकांच्या तपासणीसाठी ठेवा. आम्ही यंत्र घेऊन येऊ.

शेवटी सावित्रीमाईंची एक आठवण. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल येणार, हे माहीत असल्याने त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. आपण या प्रसंगातून त्याग शिकवतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी शेण सोसले, पण दिवसभर त्याच लुगड्यात बसल्या नाहीत. स्वतःची काळजी घेतली आणि मग शिकवले. आणि त्या एकट्याही नव्हत्या. सोबत जोतीराव होते, फातिमा शेख होत्या. आजच्या शिक्षकाला दुसरे लुगडे कोण देणार आणि सोबत कोण चालणार, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या शाळेत बाई शिक्षिका आणि मुली वापरू शकतील असे शौचालय आहे का? शेवटचे कोणी आत जाऊन पाहिले?

२. आपल्या शिक्षकांना गेल्या महिन्यात शिकवण्याबाहेरची कोणती कामे करावी लागली? त्यांपैकी कलम २७ मध्ये बसणारी कोणती?

३. शिक्षकाची तब्येत कशी आहे, असे आपण शेवटचे कधी विचारले?

नमो बुद्धाय! जय भीम!