दार उघडण्याआधी मागे बघा

उजव्या खांद्याची हसळी मोडली, आणि वर ऐकावं काय लागलं? "या वयात सायकलची हौस कशाला?" मागे न बघता दार गाडीवाल्याने उघडलं आणि दोष माझ्या वयाला लागला. नात्यातल्या चार जणांनीही हेच ऐकवलं, म्हणून लिहायला बसलो. चूक कोणाची होती ते एकदा नीट सांगून टाकतो.

नगर-मनमाड रस्त्यावर पत्रकार चौकाकडून प्रेमदान चौकाकडे मी डाव्या कडेने चाललो होतो. कडेची जागा सायकलवाल्याची, असं सगळे सांगतात. तिथे डावीकडे दुकानांपुढे लावलेल्या गाड्या असतात, उजवीकडे शिर्डीला निघालेली वाहनं धावत असतात, आणि मध्ये उरेल तेवढ्यात सायकलने मावायचं. एका पांढऱ्या गाडीचं चालकाकडचं दार एकदम पूर्ण उघडलं. हँडल दाराच्या कडेवर आदळलं आणि मी उजवीकडे, भर वाहतुकीत फेकला गेलो.

मागून छोटा हत्ती टेम्पो येत होता. तो माझ्या डोक्यापासून चांगला लांब थांबला, म्हणून हे लिहायला मी आहे.

गाडीवाला उतरला आणि आधी दाराकडे वाकला. ओरखड्यावरून बोट फिरवून झाल्यावर माझ्याकडे वळला. "ए बाबा, दिसत नाही का?" मी रस्त्यावर खांदा धरून बसलेलो. मग पाचशेची नोट पुढे केली, "चाक सरळ करून घे." थोड्या वेळाने बायको आमची चारचाकी घेऊन आली, तसा सूरच पालटला. "सर, आधी सांगायचं ना!" आधी काय सांगायचं होतं? माझ्याकडेही गाडी आहे म्हणून? सायकलवर बसलेला माणूस गरीब असेल तर त्याची हाडं स्वस्त असतात का? हाड जुळलं, पण हे बोलणं अजून जात नाही.

टेम्पोवाला मात्र सायकल उचलून बाजूला ठेवत म्हणाला, "साहेब, त्या गाडीचा ब्रेकचा दिवा आत्ताच विझला होता. म्हणजे कोणीतरी उतरणार. तुम्ही मधे सापडणार हे दिसत होतं, म्हणून मी लांबच राहिलो." हा माणूस बरीच वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला सायकलने जात होता. तिथेच मला उमगलं. रस्ता तोच, वेळ तीच, लायसन दोघांकडेही. एकाला माझ्या पुढचे दोन सेकंद दिसत होते, दुसऱ्याला मी दिसतच नव्हतो. हा फरक सायकलने घडवलेला होता.

पूर्वीच्या लोकांना हे वेगळं शिकावं लागत नसे. तासावर भाड्याची सायकल आणायची, नळीखालून पाय घालून कैची मारत शिकायचं, मग मोठेपणी पैसे साठवून लुना. लुना तर आपल्या नगरच्याच कारखान्यात बनायची, सत्तरच्या दशकापासून, आणि तिलाही पायडल होतं. त्यानंतर स्कूटर, आणि जमलंच तर चारचाकी. गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत पोचेस्तोवर माणसाने रस्त्याची खडी, वाळू, उलटा वारा आणि मागून येणाऱ्या ट्रकची धडकी अंगावर घेतलेली असायची. आता पोरगं शाळेच्या व्हॅनमधून उतरतं ते स्कूटीवर, आणि तिथून थेट वातानुकूलित गाडीत. काचा वर, गाणी चालू. रस्त्याशी त्याची ओळख होणार कधी?

ज्याने सायकल चालवली आहे त्याला ठाऊक असतं, की सायकलवाला उगाच मध्ये येत नाही. त्याच्यापुढे खड्डा असतो. मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल नगरकरांना मी काय सांगणार! कडेला वाळू साचलेली असते, तिच्यात चाक गेलं की घसरतं. गाळपाच्या दिवसांत राहुरीकडे जाताना ट्रॉलीबाहेर आलेला ऊस डोक्याच्या उंचीवर असतो आणि मागे दिवाही नसतो. मोठं वाहन शेजारून गेलं की त्याचा वारा आधी ढकलतो, मग ओढतो. म्हणून सायकलला ओलांडताना जागा सोडा. जर्मनीत २०२० पासून कायद्यानेच गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवावं लागतं. तेवढी जागा मिळत नसेल तर थांबा, मागे राहा. निवृत्तीनाथांची पालखी राहुरीकडून नगरला येते तेव्हा हेच चालक निमूटपणे मागे राहतात, कोणी हॉर्न वाजवत नाही. धीर धरता येतो, म्हणजे प्रश्न मनाचा आहे.

हॉर्न अगदी पाठीशी येऊन वाजवू नका. माणूस दचकतो आणि हँडल हलतं. लांबून एकदा, आखूड वाजवा. सायकलला ओलांडून लगेच डावीकडे वळू नका, तो तिथेच पोचलेला असतो. पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खी सायकल लपते, तेव्हा चौकात मान पुढेमागे करून बघा. रात्री डिपर द्या.

दाराचं मात्र मी जन्मभर सांगत राहणार. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याने दार डाव्या हाताने उघडावं. हात पलीकडे नेताना खांदा वळतो, मान वळते, मागचं आपोआप दिसतं. नेदरलँड्समधली ही सवय आहे, तिला एक पैसाही लागत नाही. मागच्या उजव्या दाराला मुलांसाठीचं कुलूप असतं, ते कायम लावून ठेवा आणि सगळ्यांना डावीकडूनच उतरवा. आमच्या गाडीत आता हाच नियम आहे, पाहुणे रागावले तरी.

सायकलवाल्यांनो, हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा. उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर लांब चालवा. मागचे हॉर्न मारतील, मारू द्या. उभ्या गाडीत डोकं दिसतंय का आणि ब्रेकचा दिवा आत्ताच विझला का, हे बघत जा.

आणि पडलात तर जागेवर तडजोड करू नका. मला पोलीस ठाण्यात पहिल्याच वाक्याला "मिटवून टाका" ऐकवलं गेलं. सायकल उचलण्याआधी गाडीच्या नंबरासकट फोटो काढा. थांबलेल्या माणसाचा फोन नंबर घ्या. माझ्या बाजूने बोलायला टेम्पोवाला होता, म्हणून तक्रार लिहून घेतली गेली. ११२ ला फोन करा. दवाखान्यात अपघात झाला असं स्पष्ट सांगा आणि कागदावर तशी नोंद होईपर्यंत उठू नका. जखमीला दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करणं कायद्याने चालकाचं काम आहे, पाचशेची नोट देऊन ते संपत नाही. त्या गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, तो तुमच्यासाठीच आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. प्लॅस्टर निघेपर्यंत थांबू म्हणाल तर त्यातले दोन महिने सहज जातात, तेव्हा वकील पहिल्या आठवड्यातच गाठा.


मुलाला गाडी शिकवायला घालणार असाल तर त्याआधी महिनाभर सायकल द्या. पाळी सुटायच्या वेळी त्याला नागापूरच्या पुलावरून एमआयडीसीपर्यंत जाऊन येऊ द्या, पहिले काही दिवस तुम्हीही दुसऱ्या सायकलवर त्याच्या मागे राहा. गाडीची किल्ली त्यानंतर.