ध्वनीस वळण लावणाऱ्या तबकड्या

विजापूरच्या गोलघुमटांत सज्जाच्या भिंतीशीं कुजबुजलेला शब्द समोर, सुमारें ३८ मीटरांवर, स्पष्ट ऐकूं येतो. कारण ध्वनि वक्र भिंतीच्या कडेकडेनें जातो. तेथें ध्वनि वळविण्यास एवढा प्रचंड घुमट लागला. तेंच काम बोटभर जाडीच्या तबकडीनें होईल काय?

आमच्या परभणीकडील काळ्या जमिनीचा दाखला घेऊं. पावसाळ्यांत मुलांची सरळ रांग पक्क्या सडकेवरून तिरकस चालत शेतांत शिरते. जीं मुलें आधीं उतरतात त्यांचे पाय चिखलांत रुततात. बाकीचीं भराभर चालतात. म्हणून रांगच वळते. एका पदार्थांतून दुसऱ्यांत शिरतांना तरंग असेच वळतात. आतां शेत विसरा. पहिल्या मुलास एक क्षण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन, असें थांबवून सोडा. रांग तरीहि तिरपी होईल. आणि तरंग आपल्या रांगेशीं काटकोनांत पुढें जातो, म्हणून त्याची दिशाच बदलेल.

हें क्रमवार थांबविणें हेंच तबकडीचें मर्म होय. तिच्यांत लहान लहान घरें असतात. कांहींत वाट नागमोडी, कांहींत जाडी कमीअधिक; त्यामुळें प्रत्येकांतून ध्वनि वेगळ्या विलंबानें बाहेर पडतो. एका तरंगाएवढा विलंब पुरे होतो, कारण पुढें तोच क्रम पुन्हां येतो. सेकंदास २०,००० हून अधिक कंपांचा ध्वनि आपणांस ऐकूं येत नाहीं; वटवाघुळास येतो. ४०,००० कंपांचा तरंग हवेंत सुमारें साडेआठ मिलिमीटर लांब असतो. म्हणून त्यास घुमट नको, तबकडी पुरे.

२०१६ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं अशा तबकडीच्या साह्यानें पाण्यांतील सूक्ष्म कण कबुतराच्या आकारांत गोळा केले. २०१९ सालीं स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनीं, कवटीच्या हाडानें विस्कटणारा ध्वनि हाडापलीकडे नेमक्या जागीं एकवटविण्याची रीत दाखविली.

यांत लाभ कोणाचा? हात थरथरल्यामुळें ज्यांस घांस तोंडापर्यंत नेतां येत नाहीं, अशा कांहीं रोग्यांवर आज कवटी न उघडतां ध्वनीच्या उष्णतेनें उपचार होतो. परंतु त्यास सुमारें हजार ध्वनिजनकांचें महागडें शिरस्त्राण लागतें. एक ध्वनिजनक व एक तबकडी एवढ्यावर असें काम भागूं लागलें, तर लहान गांवांतील रोग्यासहि आशा वाटेल. अद्यापि ही विद्या बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे. तिला बाहेर आणणें पुढील पिढीच्या हातीं आहे.

तिचा पहिला धडा मात्र आम्हांस आजच गिरवितां येईल. त्यास मैदान, दहा मुलें व एक शिट्टी पुरे!