खुडूक कोंबडी आणि तिचे घरटे

१२-१५ अंडी घालून झाली की गावठी कोंबडी बहुधा खुडूक होते. ती अंड्यांवरून हलत नाही, कोणी जवळ गेल्यास पिसे फुलवून चोच मारते आणि दाणापाणी जेमतेम घेते. २१ दिवस उबवणीत आणि पुढील कित्येक आठवडे पिलांच्या संगोपनात जातात. तोपर्यंत एकही अंडे मिळत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ५०-६० अंडीच देते, याचे एक प्रमुख कारण हे होय. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी तिला थंड पाण्यात बुचकळतात, उपाशी डांबतात, नाकपुडीत पीसही खोचतात. या छळाने कोंबडी मात्र अशक्त होते.

खुडूक बसणे हा कोंबडीचा हट्ट नव्हे. तिच्या मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे शरीराला आज्ञा पोहोचविणारे द्रव्य, स्रवते. त्याचे प्रमाण वाढले की अंडाशय आक्रसते, तुरा फिका पडतो आणि कोंबडी घरट्याला चिकटून राहते. १९३५ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य अंडी देणाऱ्या कोंबड्यांना टोचले, तेव्हा त्या खुडूक झाल्या.

परंतु खुराड्यात कोणी सुई टोचत नाही. तेथे हे द्रव्य वाढते कसे? अंडी घालण्याच्या अखेरीस कोंबडीच्या पोटाखालची पिसे झडतात व कातडी उघडी पडते. त्या कातडीला अंड्यांचा स्पर्श सतत होऊ लागला की प्रोलॅक्टिन चढते. ते चढले की कोंबडी अधिकच बसते. घरटे व अंडी काढून घेतल्यास ते झपाट्याने उतरते. अंडी दिवसेंदिवस घरट्यात साठू देणारा मालक नकळत कोंबडीला खुडूक करीत असतो. सोबतीचाही असाच परिणाम पक्ष्यांच्या ग्रंथींवर होतो. एकट्या ठेवलेल्या कबुतराच्या मादीपुढे नुसता आरसा ठेवला तरी ती अंडी घालते, असे इंग्लंडमध्ये मॅथ्यूज यांनी १९३९ साली दाखवून दिले.

म्हणून उपाय घरट्यावर करावा. अंडी रोज उचलावीत. कोंबडी खुडूक दिसताच, शक्यतो पहिल्याच दिवशी, तिला तारेच्या जाळीचा किंवा बांबूच्या पट्ट्यांचा तळ असलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. पिंजरा जमिनीपासून हातभर उंच, उजेडात व हवेशीर, परंतु उन्हाच्या झळा लागणार नाहीत अशा जागी असावा. आत गवत वा भुसा मुळीच घालू नये. खालून वारा लागला म्हणजे पोटाला घरट्याची ऊब मिळत नाही. खाद्य व पाणी भरपूर द्यावे. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या बसणे सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर येतात. पिंजऱ्यातून सोडताच ती पुन्हा घरट्याकडे धावली, तर आणखी दोन दिवस ठेवावी.

पिले हवी असतील तेथे मात्र खुडूक कोंबडीच उपयोगी. व्हाइट लेगहॉर्न जातीत हा गुण निवड-पैदाशीने जवळजवळ नाहीसा झाला आहे. उबवणीची कोंबडी अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात बसवावी. दुसरीकडून आणलेली एक दिवसाची पिले तिच्याकडून वाढवून घ्यावयाची असल्यास ती रात्रीच्या वेळी हळूच तिच्या पोटाखाली सोडावीत व खालची अंडी काढून घ्यावीत. पिलांना पुरेशी पिसे फुटली व ती स्वतः ऊब राखू लागली की त्यांना वेगळे करावे. त्यामुळे आई लवकर अंड्यावर येते. तुरा पुन्हा लाल होऊ लागला, की अंडे जवळ आले असे समजावे.