पोच घेतली का?

माझा वाढदिवस १ जून. शाळेतल्या निम्म्या पोरांचाही १ जूनच. धडगावकडच्या डोंगरात आमच्या पिढीची जन्मतारीख आईने नाही, गुरुजींनी ठरवली. शाळा जूनमध्ये भरायची, पोरगं कागदावर सहा वर्षांचं बसलं पाहिजे, मग लिहा १ जून. आडनावाचंही तसंच. बापाने जमात सांगितली ‘पावरा’, गुरुजींनी ती आडनावाच्या जागी लिहून टाकली. बापाचं नाव माझ्या दाखल्यावर ‘दित्या’, मतदार यादीत ‘दितल्या’. रविवारी जन्मला म्हणून ते नाव पडलं, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याला शुद्धलेखन असतं हे माहीत नव्हतं.

आज हे हसत सांगतो, कारण आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. पंधरा-सोळा वर्षं तलाठी आहे. २०२४ मध्ये सरकारने पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं, पण लोकांच्या तोंडी ‘तलाठी आप्पा’ काही सुटत नाही. निकाल लागले की पोरंपोरी दारात येतात. आप्पा, उत्पन्नाच्या दाखल्याला अहवाल पाहिजे. आप्पा, आजोबाचा जुना उतारा पाहिजे. आप्पा, उद्या शेवटची तारीख आहे. या ‘उद्या शेवटची तारीख’वाल्यांवर मला ओरडता येत नाही, कारण त्यांच्यात मला मीच दिसतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला आणि त्याच पावसाळ्यात मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. जिल्हा नवा, मीही नवा. उन्हाळाभर आईने आणि बहिणीने कैऱ्या चिरून खडकावर वाळवल्या होत्या. तो आमचूर धडगावच्या व्यापाऱ्याला घातला आणि त्यातून फी, पत्र्याची पेटी आणि एक पँट झाली. चांदशैलीच्या घाटात एस.टी.मध्ये उलट्या करत खाली उतरलो. पेटीला वर्षभर आंबूस वास येत होता. खोलीतली पोरं विचारायची, तर मी म्हणायचो, लोणचं सांडलं.

दुसऱ्या आठवड्यात वर्गात उभा राहिलो आणि विचारलं, ‘सर, ती पुस्तक कुठे भेटेल?’

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ग्रंथालयात कोणत्या कपाटात बघायचं ते नीट सांगितलं. पण मला सर ऐकूच आले नाहीत, वर्ग तेवढा ऐकू आला. घरी पावरी बोलणाऱ्याला मराठीचं तो-ती-ते हे एक जंगलच असतं. भिंत ती, दार ते, उंबरा तो. कोणी ठरवलं, देव जाणे. त्या दिवसानंतर तीन वर्षांत मी दुनियेला एकच प्रश्न विचारला असेन: झेरॉक्स कितीला?

बोलणं बंद केलं तशी भाषाही लपवली. एकदा बाप ज्वारीची गोणी घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी आला. धोतर गुडघ्याच्या वर, डोक्याला फडकं. तो पावरीत बोलत होता, मी मराठीत उत्तरं देत होतो, आणि डोळे मात्र इकडेतिकडे, कोणी बघतंय का. बाप हसला, ‘साहेब झाला’ म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. त्याला वाईट वाटलं का, हेही मी कधी विचारलं नाही.

आता खरा घोळ ऐका. आमच्याच वसतिगृहातली सायन्सची पोरं जातपडताळणीच्या फायली बगलेत मारून फिरायची. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशाला व्हॅलिडिटी लागते, म्हणून त्यांची धावपळ. कलाशाखेच्या पोराला ती कोणी मागत नाही. मला कोणी मागितली नाही, आणि ‘हे काय आहे, मलाही लागेल का’ एवढं वाक्य शेजारच्या खाटेवरच्या पोराला विचारायला माझी जीभ वळली नाही. हाताशी जातीचा दाखला होता. मला वाटलं, झालं की. दाखला वेगळा, पडताळणी वेगळी, हे मला कळलं २००४ साली, नोकरीचा आदेश हातात पडल्यावर.

एका कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली होती. आदेशात शेवटच्या ओळीआधी बारीक अक्षरात अट होती: सहा महिन्यांच्या आत वैधता प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा नियुक्ती रद्द. गावात बोकड कापला गेला. अट मी वाचली होती. ती अवघड असते हे कोणाला विचारलं नव्हतं.

ही पडताळणी आली कुठून, हे नव्या पोरांना माहीत असावं. आदिवासी नसलेल्या माणसांनी खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा घेतल्या, त्याला आळा घालायला. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने छाननी समित्या आणि दक्षता पथकं नेमायला सांगितली, पुढे महाराष्ट्राने २००० सालचा कायदा केला. म्हणजे कुलूप आमच्याच घराला, आमच्याच भल्यासाठी. फक्त किल्ली शोधायला घरचा माणूसच जास्त दमतो. कारण पुरावा मागतात तो जुना, शक्य तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा आहे. आजोबाचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. माझा आजोबा शाळेच्या सावलीलाही उभा राहिला नव्हता. गाव मुळातलं वनगाव, सातबारा कुठून येणार?

कागद तोकडे पडले म्हणून मला चौकशीला बोलावलं. समोरच्या साहेबांचा सूर चांगला होता. कुळाचा देव कोणता, होळीला काय करता, लग्नात काय घेता-देता असे प्रश्न. हे प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीला विचारले असते तर तिने ढोलासकट सांगितलं असतं. होळीआधीची पाळणी, घुंगरं बांधून नाचणारे बुध्या-बावा, भोंगऱ्याचा बाजार, सगळं. मी तीन वर्षांच्या सवयीने परीक्षेतल्यासारखं पुस्तकी बोलत राहिलो. मग त्यांनी विचारलं, ‘घरी कोणती भाषा बोलता?’

मी म्हणालो, ‘मराठी.’

खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. तोंडातून तेच निघालं. साहेबांनी लिहून घेतलं. प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं, त्यांचा गावचा फेरा पावसाळ्यात अडकला, सहा महिने संपले आणि नियुक्ती गेली. दोष कोणाला देऊ? त्या साहेबांना? मी जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. (मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालीरीतींची ही परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे आणि प्रत्येक प्रकरणात ती घ्यायचीही गरज नाही. चांगलं झालं. माझ्या मात्र ती वीस वर्षं आधी वाट्याला आली.)

पुढची दोन वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं. पगार ‘अनुदान आलं की’ मिळणार होता. पदाला मान्यता आहे का, हे विचारायचं असतं, तेही मी विचारलं नाही. अनुदान आलं नाही. जास्त काही सांगत नाही.

वैधता मिळाली ती माझ्या हुशारीने नाही. बापाला अक्षरओळख नव्हती, पण विचारायची लाजही नव्हती. तो दर आठवड्याला बाजारात जो भेटेल त्याला विचारायचा, आपल्या भाऊबंदांत कोणी शाळेत गेलं होतं का? मिठाच्या दुकानात, एस.टी.च्या रांगेत, मयताला गेला तर तिथेही. असं करता करता एका म्हातारीने सांगितलं की माझ्या आजोबाचा चुलतभाऊ लहानपणी मामाकडे राहून वर्षभर शाळेत बसला होता. बाप त्या शाळेत गेला. जुन्या प्रवेश नोंदवहीत नाव सापडलं, स्वातंत्र्याच्या आधीचं, जातीच्या रकान्यात ‘भिल’. माझ्या दाखल्यावर पावरा, त्याच्यावर भिल, म्हणून मी पुन्हा घाबरलो. या वेळी मात्र विचारलं. भिल आणि पावरा यादीत एकाच नोंदीखाली येतात, असं खिडकीवरच्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. आदेश हातात पडल्यापासून वैधतेपर्यंत तीन वर्षं गेली होती. त्यानंतर तलाठ्याची परीक्षा दिली.

तर आता तुमचं. पदवीचा शेवटचा पेपर झाला असेल किंवा होत असेल.

व्हॅलिडिटीचा अर्ज नोकरी लागल्यावर नाही, आजच करा. बी.ए., बी.कॉम.वाल्यांना मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला कोणी मागणार नाही. आता नंदुरबारलाच जमात पडताळणी समितीचं कार्यालय आहे. वडील, सख्खा भाऊ, काका यांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा, निम्मं ओझं उतरतं. नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी या उन्हाळ्यात बसा आणि वंशावळ लिहून काढा. ही माणसं गेली की त्यांच्या डोक्यातलं दप्तर कुठल्याच तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळत नाही.

सगळे कागद एका खाटेवर पसरा आणि स्वतःचं व बापाचं नाव अक्षर अक्षर जुळवून बघा. मुलींनी लग्नाआधीच बघावं, नंतर गुंता दुप्पट होतो. शाळेत असताना दुरुस्ती करणं सोपं होतं. आता राजपत्रात नाव छापून घ्यावं लागेल, पण तेही होतं. आणि आधार कार्डावर सगळं भागेल या भ्रमात राहू नका. देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीत वाटली गेली, म्हणून आपल्याकडे त्याचं कौतुक जरा जास्तच. पण आधार म्हणजे जातीचा पुरावा नव्हे.

पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणा. गुणपत्रिकेवर दहा वर्षं काढणारे मी बघितले आहेत. माझ्या पदवीवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे, धाकट्या भावाच्या पदवीवर बहिणाबाईंचं नाव आहे. २०१८ मध्ये नामविस्तार झाला. सुरतेच्या एका कंपनीत त्याला विचारलं, तुमच्या भागात विद्यापीठं दोन आहेत का? त्याने एकच आहे म्हणून समजावून सांगितलं. तो माझ्यासारखा नाही, बोलतो.

पुण्याला एम.पी.एस.सी.साठी जायला मी नको म्हणणार नाही. जाताना परतीचं वर्ष घरी सांगून जा, एवढंच. आमच्या गावचे दोघे तिथल्या अभ्यासिकेत इतकी वर्षं राहिले की गावी आल्यावर त्यांच्याच घरचं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं. आणि ‘चिकटवून देतो, थोडे पैसे लागतील’ म्हणणारा कोणी भेटला, मग तो कितीही मोठ्या गाडीतून आलेला असो, त्याला विचारा: जाहिरात कुठे आहे? पदाला मान्यता कोणाची? पावती देणार का? तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो थांबत नाही.

कोणत्याही खिडकीवर कागद दिला की पोच घ्या. झेरॉक्सवर शिक्का, सही आणि तारीख. ‘राहू द्या, होऊन जाईल’ असं गोड बोलतील, मीही बोलतो. तरी घ्या. २०१५ पासून राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा याची यादी कार्यालयात लावलेली असते. ती वाचा. पण दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार, हातात पोच नसेल तर?

मराठी चुकली तर चुकू द्या. ‘ती पुस्तक’ म्हणालात तरी ग्रंथपाल पुस्तकच देतो.

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. वडील सोबत, पण ते बाहेर कडुलिंबाखाली बसले, बोलणार ती. पहिला प्रश्न वंशावळीचा, दुसरा जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचा. तिसऱ्याचं उत्तर मला येत नव्हतं. ‘येत नाही’ म्हणालो आणि तहसीलला फोन लावला. फोन लागेपर्यंत ती खुर्चीत बसून राहिली. मध्येच खिडकीतून बापाशी पावरीत मोठ्याने बोलली, म्हणाली, आज काम करूनच जाऊ. मीही पावरीतच म्हणालो, बसा, करतो. अर्ज घेतला, सही केली, ती गेली. पाच मिनिटांनी परत दारात.

‘आप्पा, पोचवर तारीख नाही टाकली.’

मी तारीख टाकली.